समुद्राचे आगाऊ पैसे

आमच्या थोरल्या साडभाऊंनी आयुष्यात ज्या ज्या गोष्टीची काळजी केली, त्यातली एकही कधी घडली नाही. आणि जी एक गोष्ट घडली, तिची काळजी करायची नेमकी त्यांच्याकडून राहून गेली. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. पुण्याकडचे लोक साडू म्हणतात. पण त्या शब्दात भाऊ नाही, आणि मेहकरात या माणसाला भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे भाऊच म्हणतात. उंची बेताची, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं, आणि कपाळावर कायमच्या तीन आठ्या. माणूस भला, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त काळजी. कुणाला सकाळी उठल्याबरोबर तंबाखूची चिमूट लागते, तशी भाऊंना काळजी लागते. एखाद्या दिवशी घरात काळजी करण्यासारखं काही उरलं नाही, तर ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसतात.

मेहकरच्या स्टँडवरून सकाळी नऊची एसटी धरायची असली की भाऊ सातला जाऊन बाकावर बसणार. गाडी नऊलाच आहे हे त्यांना मान्य असतं. "पण आज आधी आली तं?" हा त्यांचा प्रश्न. चाळीस वर्षांत एसटी कधी वेळेआधी आलेली नाही, असं मी एकदा चिडून म्हणालो, तर म्हणाले, "मंग आता तिचा येण्याचा नंबर लागलाच असन ना!" चिखलीला एका लग्नाला आम्ही सगळे मिळून निघालो होतो. हिवरा आश्रमाला गाडी थांबली आणि भाऊंना घराचं कुलूप आठवलं. कुलूप लावलं होतं, त्यांनी ओढून पाहिलं होतं, ताईंनीही ओढून पाहिलं होतं. पण दोघांनी ओढल्यामुळेच ते सैल झालं नसेल कशावरून? भाऊ तिथेच उतरले, उलट्या गाडीने मेहकरला गेले, कुलूप तिसऱ्यांदा ओढलं आणि चिखलीला पोचले तेव्हा नवरा-नवरी जेवून हात धूत होते. शेगावला दर्शनाला गेले की एक चप्पल एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला काढतात, कारण चोराला जोडी मिळता कामा नये. चोराला ती आजवर मिळालेली नाही हे खरं, पण बरेचदा भाऊंनाही लवकर मिळत नाही. भर उन्हात एका पायावर लंगडत दुसरी चप्पल शोधणारा हा गृहस्थ आपल्या ओळखीचाच नाही, असा चेहरा करून मी रसवंतीत बसून राहिलो आहे, हे कबूल करायला हवं.

हा स्वभाव उपजत असेल, पण त्याला खतपाणी घातलं नोकरीने. पंचायत समितीत बत्तीस वर्षं भाऊ आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक, तारीख, सही, पोच. साहेब किती आले आणि गेले, इमारतसुद्धा बदलली, पण भाऊंचं टेबल बदललं नाही. निवृत्तीनंतर टेबल ऑफिसात राहिलं आणि सवय तेवढी घरी आली. लग्नपत्रिका आली की हळदीकुंकवाच्या बोटाशेजारी लाल पेनाने आवक क्रमांक पडतो. ताईंची किराण्याची यादी जावक क्रमांकाशिवाय उंबरठा ओलांडत नाही. माझा मुलगा दहावी पास झाल्याचं मी फोनवर कळवलं, तर आनंदाने गळा भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "लय चांगलं झालं, मास्तर. आता एक पोस्टकार्ड टाकून द्या, म्हणजे नोंद होते." मी बीबी या गावी शाळेत मास्तर आहे, म्हणून मला मास्तर म्हणतात. आणि पोच देण्याच्या बाबतीत तर ते कुणाला ऐकतच नाहीत. कुणी पन्नास रुपये हातउसने दिले तरी रेव्हेन्यू तिकीट चिकटवून, त्यावर आडवी सही करून ती पोच समोरच्याच्या खिशात कोंबतात. समोरचा लाजतो, नको नको म्हणतो. भाऊ म्हणतात, "राहू द्या जी. उद्या मी मेलो तं?"

अशा माणसाबरोबर ताईंनी पस्तीस वर्षं संसार केला आणि एवढ्या वर्षांत एकदाही काही मागितलं नाही. भाऊ निवृत्त झाल्यावर एक दिवस भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "मले एकदा समुद्राकाठी जाऊन राहाचं हाय. पाच-सहा दिवस. कुठं फिराचं नाई, काई पाहाचं नाई. नुसतं बसाचं." भाऊंच्या कपाळावर चौथी आठी पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बीबीला फोन केला. "तुमच्या ताईनं पस्तीस वर्षात पह्यल्यांदा मागणी नोंदवली हाय. निकाली काढाच लागते."

बुलढाण्यात एक सहल कंपनी होती. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर बर्फाचे डोंगर आणि काउंटरवर एक शांत, चष्मेवाल्या मॅडम. कोकणात समुद्राकाठचा एक आख्खा बंगला ही कंपनी सहा दिवसांच्या भाड्याने देत होती. जेवण आणि स्टेशनपासूनची ने-आण त्यातच. बंगल्याला खोल्या चार, म्हणून भाऊंनी घरं चार जमवली. एक त्यांचं स्वतःचं. एक आमचं. तिसरं करीममास्तर टेलरांचं. भाऊंच्या अंगावरचा प्रत्येक कपडा तीस वर्षं त्यांनीच शिवलेला आहे. चौथं शंकर शिपायाचं. तो भाऊंच्याच ऑफिसातून निवृत्त झालेला आणि अजूनही भाऊंना पाहिलं की बाकावरून उठणारा. घरटी अठ्ठावीस हजार रुपये. माझ्यासारख्या मास्तराला ही रक्कम झेपण्यासारखी, पण हसत हसत द्यावी अशी नव्हे. शंकरच्या बायकोने तर दोन उन्हाळे शेवया आणि पापड विकून ते पैसे साठवले होते.

आता कंपनीची अट अगदी साधी होती. चौथा हिस्सा आता भरायचा, उरलेले निघायच्या आठ दिवस आधी. आमच्यापैकी कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण भाऊंना चौथा हिस्सा भरून आल्यावर घास गिळेना. बाकी राहिलेली रक्कम त्यांच्या छातीवर बसली. "आपण पैसे पूर्ण नाई देल्ले, अन् मधीच कोणी पूर्ण देणारा आला तं? बंगला त्याले देतीन ना ते!" जाणं दिवाळीनंतर होतं, भाऊंनी श्रावणातच वसुली सुरू केली. करीममास्तर म्हणत होते, लग्नसराईचे पैसे यायचे आहेत, जरा थांबा. भाऊ त्यांच्या दुकानात स्टुलावर दोन दिवस जाऊन बसले, गिऱ्हाइकांची मापं घेताना मास्तरांना टेप हातात देत राहिले, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी मास्तरांनी वैतागून गल्ल्यातून पैसे काढले. मला रोज एक फोन. शंकरला तर फोनचीही गरज पडली नाही. भाऊसाहेबांनी मागितले म्हटल्यावर त्याने डबाच आणून दिला. भाऊंनी प्रत्येकाला रेव्हेन्यू तिकिटाची पोच दिली आणि सगळी रक्कम घेऊन ते बुलढाण्याला गेले. काउंटरवरच्या मॅडम स्वतः म्हणाल्या, "काका, एवढी घाई नाही. नोव्हेंबरमध्ये भरा." भाऊ त्यांच्याशी वाद घालून पैसे भरून आले. येताना मला स्टँडवरून फोन केला. आवाज मोकळा होता. "झालं बुवा एकदाचं, मास्तर. आता काई चिंता नाई."

चिंता नाही म्हणाले, पण ती मोकळी झालेली जागा भाऊंनी फार दिवस रिकामी ठेवली नाही. बंगला ज्यांचा होता त्या कोकणातल्या काकूंचा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला आणि रोज एक शंका सुरू केली. समुद्र घरापासून किती लांब? दोनशे पावलं. कोणाची पावलं, तुमची की माझी? भरतीला पाणी अंगणात तर येत नाही? अंगणात नारळाची झाडं आहेत म्हणता, तर नारळ डोक्यावर पडतात का? आजवर कुणाच्या पडला आहे का? काकू मोठ्या धीराच्या. पुढे त्यांनीच मला सांगितलं की पहिल्या आठवड्यात त्यांना हा माणूस बंगला विकत घेतोय की काय असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्या फोनची वाट पाहू लागल्या. शेवटी भाऊंच्या समाधानासाठी त्यांनी अंगणात बसायच्या बाकड्यावर झुकलेल्या माडाचे सगळे नारळ उतरवून घेतले आणि तसा फोटो पाठवला. भाऊंनी फोटोची छापील प्रत काढली. क्रमांक टाकला.

दसऱ्याच्या आसपास कंपनीचा फोन लागेनासा झाला. भाऊंनी पहिल्या दिवशी अकरा वेळा लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बुलढाणा. काचेच्या दारावर लोखंडी शटर उतरलेलं, त्यावर कुणीतरी चिकटवलेला कागद, "कार्यालय काही काळ बंद राहील". समोर पंधरा-वीस माणसं. कुणी शिव्या देतंय, कुणी मोबाइलवर चित्रण करतंय, एक बाई पायरीवर बसून नुसती रडतेय. मालक आठ दिवसांपासून फरार. लोकांचे पैसे घेतले, बंगल्यांचं, हॉटेलांचं, गाड्यांचं कुणाचंच दिलं नाही, आणि एक दिवस सगळं बसलं.

भाऊंनी तिथूनच मला फोन केला. त्या फोनबद्दल मला लिहावंसं वाटत नाही, पण लिहायला हवं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, कंपनी बुडाली." आणि मी, ज्याला ते आयुष्यात कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, मी वर्गावर ओरडावं तसा ओरडलो. "तुमाले कोणी सांगतलं होतं सगळे पैसे भराले? ती बाई नाई म्हणत होती ना? स्वतः बुडाचं तं बुडाचं, आमाले काऊन बुडवलं?"  पलीकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत राहिले. मग भाऊ अगदी हळू म्हणाले, "तुमचं बराबर हाय." आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी माझ्यावर उलट ओरडायला हवं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि माझ्या बायकोने मुद्दाम आग्रहही केला नाही.

भाऊंची खरी परीक्षा बुलढाण्यात नव्हती. ती मेहकरातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. दोन दिवस ते करीममास्तरांच्या दुकानावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने दूध आणत राहिले. तिसऱ्या दिवशी ताईंनी त्यांना टोपी हातात दिली. म्हणाल्या, "जा. दुसऱ्याच्या तोंडून कळन तं आणखी वाईट." भाऊ गेले. करीममास्तरांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं.  मग मशीन पुन्हा सुरू केली आणि कापडावरची नजर न उचलता म्हणाले, "मी तुमाले म्हणत होतो भाऊ, थांबा म्हणून. तुमी माह्या उरावर बसले." एवढंच. त्यानंतर भाऊंनी शिवायला टाकलेली पँट त्यांनी न शिवता तशीच कापडाच्या घडीत परत पाठवली. शंकरकडे उलट झालं. त्याची बायको दारात उभी राहून बोलायचं तेवढं बोलली, शेवयांचा एकेक किलो मोजून दाखवला. शंकर मधे मधे "अवं, भाऊसाहेब उभे हायेत, खुर्ची तं दे" म्हणत राहिला. भाऊ मला म्हणाले, "तिच्या बोलण्याचं काई नाई वाटलं, मास्तर. त्या खुर्चीचं वाटलं."

तीन घरांत त्यांच्या सहीच्या पोचा होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या, आणि आता त्या कुणी बाहेरही काढत नव्हतं, हेच भाऊंना सहन होईना. ताईंच्या समुद्राचं नाव घरात बंद झालं. भाऊंच्या डोक्यात एकच गोष्ट उरली: कंपनी देवो न देवो, या तीन घरांचे अठ्ठावीस-अठ्ठावीस हजार परत गेले पाहिजेत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मी मोजायच्या सोडून दिल्या. भाकरी अर्ध्यावर आली. ताई मला एकदा म्हणाल्या, "हे रात्रभर जागेच असतात. मी पाणी प्याले उठली की डोळे मिटून घेतात, जसं काई मले समजतच नाई."

त्याच दरम्यान कोकणातून काकूंचा फोन आला. त्यांनाही कंपनीने छदाम दिला नव्हता. तरी म्हणाल्या, "तुम्ही या हो भाऊ. घर रिकामंच आहे. माझं काय जातंय, तांदूळ घरचे, मासे समुद्राचे. तुम्ही मासे खात नसाल तर कुळीथ आहेत." ताई बाजूलाच बसून ऐकत होत्या. भाऊ म्हणाले, "बाई, तुमचेच पैसे बुडाले हायेत. बुडालेल्याच्या घरी बुडालेल्यानं फुकट कसं राहाचं?" मग आवाज बदलून म्हणाले, "तुमी फक्त एक काम करा. कंपनीनं पैसे देल्ले नाई म्हणून या तारखांचं बुकिंग रद्द झालं, असं एका कागदावर लिहून, सही करून पाठवा. रजिस्टर पोस्टानं. पोचसहित." काकूंनी पाठवलं. पाकिटाबरोबर कोकमंही आली. कागदाला आवक क्रमांक पडला. कोकमांना कुठला द्यावा याचा भाऊंनी थोडा विचार केला असावा.

आणि इथून पुढे या गोष्टीला जे वळण लागलं, ते लागलं निव्वळ भाऊंच्या खोडीमुळे. बुलढाण्याला पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला ते गेले तेव्हा बाहेर कडुनिंबाखाली पन्नासेक बुडालेली माणसं जमली होती. कुणाकडे पावती आहे तर करार नाही. कुणाकडे नुसता मोबाइलवरचा निरोप. एका आजोबांनी पैसे भरल्याची चिठ्ठी धोतरात धुऊन टाकली होती. आत गेलं की विचारत, किती जण, किती रक्कम, कोणत्या तारखा. आणि बाहेर येऊन सगळे पुन्हा एकमेकांशी भांडत. भाऊंना दुसऱ्या कशानेही झाला नसता एवढा त्रास त्या गबाळेपणाने झाला. त्यांनी पिशवीतून एक कोरं लांब रजिस्टर काढलं, लाल पेनाने रेघा मारल्या आणि झाडाखाली मांडी घालून बसले. "एक लाईन करा. गडबड करू नका. अनुक्रमांक एक, नाव बोला." लोकांना वाटलं हे कोणी सरकारी माणूस आहेत. भाऊंनीही तो गैरसमज फार घाईने दूर केला नाही.

नंतरचे आठ महिने दर सोमवारी भाऊ त्या झाडाखाली. सातच्या गाडीसाठी पाचपासून मेहकर स्टँडवर, आणि संध्याकाळी परत. प्रत्येकाच्या कागदाच्या तीन प्रती, एक आत, एक ज्याची त्याला, एक भाऊंच्या पिशवीत. धोतरात धुतलेल्या चिठ्ठीच्या आजोबांसाठी त्यांनी बँकेतून उतारा काढून आणला. एका सोमवारी लायनीत काउंटरवरच्या मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा सहा महिन्यांचा पगार कंपनीने बुडवला होता. लोक त्यांच्या अंगावर धावून गेले तेव्हा भाऊ उठून मधे उभे राहिले, काडीसारखे हात पसरून. "या बाईनं मले पैसे भरू नोका म्हणून सांगतलं होतं. मीच ऐकलं नाई. अनुक्रमांक एकसष्ट. बोला मॅडम." मी सुट्टीच्या दिवशी सोबत जायचो. माझ्या तोंडून निघालेलं परत घेता येत नव्हतं, म्हणून निदान पिशवी तरी उचलायचो. भाऊंनी त्या फोनचा विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यामुळे मला माफीही मागता आली नाही.

मालक सापडला. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी, अब्रूला जपणाऱ्या माणसाने, जामिनाच्या वेळी आपला एक प्लॉट विकून लोकांचं देणं होईल तेवढं देतो म्हणून सांगितलं. त्यांच्या वकिलाने विचारलं, घेणेकरी कोण, किती, पुरावा काय? तशी यादी साऱ्या जिल्ह्यात एकच होती. ती भाऊंच्या पिशवीत होती, आणि तिच्यात खाडाखोड नव्हती. पैसे वाटायला आणखी तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत भाऊंना वकील मरेल, म्हातारा मरेल, प्लॉटचं गिऱ्हाईक मरेल, अशा सर्व प्रकारच्या काळज्या झाल्या. कुणी मेलं नाही.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास एके सकाळी भाऊ बीबीला माझ्या दारात उभे. सदरा खांद्यावरून लोंबत होता. खिशातून पाकीट काढून म्हणाले, "अठ्ठावीस हजार. मोजून घ्या. चला माह्यासंगं, साक्षीले." मी दोनदा मोजले. पूर्ण होते. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि मी, देव क्षमा करो, मनात म्हणालो, चला, एकदाचे सुटले. आम्ही दोघे मेहकरला गेलो. शंकरच्या बायकोने पैसे देवापुढे ठेवले आणि भाऊंच्या पाया पडायला वाकली. भाऊ घाबरून मागे सरले. मग करीममास्तर. भाऊंनी पाकीट मशीनच्या फळीवर ठेवलं. मास्तरांनी दोनदा मोजलं, गल्ल्यात टाकलं. आम्ही वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात वर करा." भाऊंनी मुकाट्याने हात वर केले. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून कंबर मोजली, छाती मोजली, आणि मानेला झटका देऊन म्हणाले, "तीन इंच गेले तुमचे, भाऊ. काय तब्येत करून घेतली हो ही? ते कापड द्या पाठवून." मास्तर मशीनवर परत बसले तरी भाऊंचे हात वरच होते.

यानंतर पंधरा दिवसांनी मी चिखलीला काही कामाने गेलो असताना स्टँडवर त्या काउंटरवरच्या मॅडम भेटल्या. मी आनंदाने म्हणालो, मिळाले बुवा सगळे पैसे. त्या जरा गोंधळल्या. "सगळे कसे, सर? सगळ्यांनाच रुपयात दहा आणे मिळाले. काकांनीच तर हिशोब करून वाटले."  रुपयात दहा आणे म्हणजे साडेसतरा हजार. वरचे साडेदहा हजार तीन घरांत कुठून आले, हे कळायला मास्तर असायची गरज नव्हती. भाऊंनी आपल्या वाटणीचे सगळे घातले होते आणि उरलेले पेन्शनमधून. त्यांच्या स्वतःच्या घरात एक रुपया परत आला नव्हता. आणि ते पूर्ण पैसे मी मोजून घेतले होते. दोनदा.

मी तसाच बँकेत गेलो, साडेदहा हजार काढले आणि मेहकरची गाडी धरली. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घराचं दार सताड उघडं. आत समोरच्या खोलीत पंख्याखाली सतरंजीवर भाऊ झोपले होते. उताणे, तोंड थोडं उघडं, एक हात छातीवर आणि दुसरा बाजूला पसरलेला. कपाळ सपाट होतं. एवढ्या वर्षांत ते कपाळ मी असं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर माणूस ओळखू आला नसता. ताई उंबरठ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात निवडायची डाळ होती, पण निवडत नव्हत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी खाली बसलो आणि कुजबुजत सगळं सांगितलं. पाकीट पुढे केलं. ताईंना काही नवं नव्हतं. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी पाकीट हातानेच मागे सारलं.

"ठेवा ते खिशात, मास्तर."

"अवं ताई, पण हे तुमच्या समुद्राचे पैसे हायेत ना. मी कसे ठेवू?"

"तुमी परत केले तं याईले समजन की तुमाले समजलं. मंग हे उठून बसतीन. करीममास्तरले समजलं काय, शंकरले समजलं काय, पुन्हा सुरू." त्या भाऊंकडे बघत होत्या. "पंधरा दिवस झाले, जेवण झालं की असे निजतात. लग्न झाल्यापासून मी याईले असं निजलेलं पाह्यलं नव्हतं. समुद्र मले कायले पाहाचा होता हो? म्हटलं, तिथं कुलूप नाई, टेबल नाई, पाच-सहा दिवस तरी हा माणूस निवांत दिसन."

 मी पाकीट खिशात ठेवलं. ते खिशात ठेवताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. ताईंनी सरकून मला भिंतीशी जागा करून दिली, आणि भाऊ उठेपर्यंत आम्ही दोघे तिथे न बोलता बसून राहिलो.